मदत हवी आहे: इलेक्ट्रोडवरच्या साइटवर संपलेला माल क्षणभर 'इन स्टॉक' दिसतो

कोडगा_पुणेकर

मंडळी, नमस्कार.

वारशाने गळ्यात पडलेल्या एका प्रोजेक्टबद्दल विचारतोय. क्लायंट अमेरिकेतला, स्वयंपाकघरातल्या वस्तू विकणारं मध्यम आकाराचं दुकान, साधारण १२०० वस्तू. साइट २०१७ मध्ये कुठल्याशा टीमने इलेक्ट्रोडवर बांधली. इलेक्ट्रोड म्हणजे वॉलमार्ट लॅब्जने ऑक्टोबर २०१६ मध्ये ओपन सोर्स केलेला रिअॅक्ट (पानं काढणारी जावास्क्रिप्ट लायब्ररी) आणि नोडचा (सर्व्हरवर जावास्क्रिप्ट चालवणारा) प्लॅटफॉर्म. ती टीम कधीच पांगली. डॉक्युमेंटेशन म्हणून एक रीडमी आहे आणि तिच्यात जनरेटरने आपोआप टाकलेलाच मजकूर आहे. (कोड चिकटवला की इथे धागा विस्कटतो, म्हणून सगळं शब्दांत लिहितो.)

दुखणं असं. बिडाचा तवा संपलाय. पान उघडलं की आधी हिरवी 'इन स्टॉक' पट्टी दिसते, अर्ध्या सेकंदाने डोळ्यांदेखत लाल 'सोल्ड आउट' होते. मोबाइलवर नेट मंद असेल तर हिरवी पट्टी तीन-चार सेकंद राहते. लोक तेवढ्यात खरेदीचं बटण दाबतात, ते दबत नाही, आणि मग माल संपल्याचं कळतं. क्लायंटला रोज एक तरी शिव्यांची मेल येते, ती तो प्रेमाने मला फॉरवर्ड करतो.

आतापर्यंत केलेले उद्योग: सीडीएन (पानांच्या प्रती साठवणारं सर्व्हरचं जाळं) रिकामं केलं. सर्व्हर रीस्टार्ट केला. एपीआयचे लॉग पाहिले, तिथे स्टेटस बरोबर 'सोल्ड आउट' येतोय. पण ब्राउझरमध्ये व्ह्यू सोर्स केलं तर एचटीएमएलमध्ये 'इन स्टॉक'. आणि माझ्या लॅपटॉपवर हे एकदाही दिसलेलं नाही. एकदाही नाही!

दुसरं, सर्व्हर अजून नोड ८ वर आहे. ऑडिटवाल्यांनी लाल शेरा मारलाय. नोड २० टाकून पाहिलं तर वेबपॅक (कोडची गाठोडी बांधणारं टूल) 'डिजिटल एन्व्हलप रूटीन्स अनसपोर्टेड' म्हणत बिल्डच्या सुरुवातीलाच आडवा.

डागडुजी करू की पाडून नवीन बांधू? जाणकारांनी प्रकाश टाकावा.

झटपट_नाना

नेक्स्टमध्ये (रिअॅक्टवरचं दुसरं फ्रेमवर्क) लिहून टाका. दोन आठवड्यांचं काम.

कोडगा_पुणेकर

नाना, पेमेंटचा भाग पाहिला असतात तर दोन आठवडे म्हणाला नसतात.

सर्वरकाकू

लॅपटॉपवर दिसत नाही म्हणतोस तिथेच मेख आहे. इलेक्ट्रोडमध्ये कॉन्फिगचं काम कॉन्फिपेट बघतं. डिफॉल्टची एक फाइल, तिच्यावर एन्व्हायरन्मेंटप्रमाणे डेव्हलपमेंटची नाहीतर प्रॉडक्शनची फाइल चढते. प्रॉडक्शनची फाइल उघड आणि एसएसआर कॅशिंगबद्दल (सर्व्हरवर रेंडर केलेलं साठवून ठेवण्याबद्दल) काही आहे का बघ. असेल तर कुठले कंपोनंट (पानाचे तुकडे) आणि कुठली स्ट्रॅटेजी, ते लिही.

कोडगा_पुणेकर

काकू, आहे! चौदा कंपोनंट आहेत, चौदाही 'टेम्प्लेट' स्ट्रॅटेजीवर. स्टॉकची पट्टीपण त्यातच आहे. डिफॉल्टच्या फाइलमध्ये यातलं काहीच नाही.

सर्वरकाकू

मग सापडलं. नीट सांगते, कारण हे एकदा डोक्यात बसलं की बाकीचे तेरा तू स्वतःच तपासशील.

रिअॅक्टचं सर्व्हरवरचं रेंडरिंग सीपीयू खातं आणि ते चालू असताना नोडचा एकुलता एक थ्रेड अडकून पडतो. म्हणून हे कॅशिंगचं मॉड्यूल कंपोनंटचा तयार एचटीएमएल साठवून ठेवतं. 'सिम्पल' पद्धतीत सगळ्या प्रॉप्स (कंपोनंटला बाहेरून दिलेली माहिती) मिळून कॅशची किल्ली बनते. प्रॉप्स जरा बदलल्या की नवी नोंद. 'टेम्प्लेट' पद्धत जास्त हुशार. ती स्ट्रिंग प्रॉप्सच्या खऱ्या किमती काढून घेते, त्यांच्या जागी नुसत्या खुणा ठेवते, त्या खुणांसकट कंपोनंट रेंडर करते आणि तो साचा जपून ठेवते. पुढच्या वेळी साच्यात खऱ्या किमती भरल्या की झालं. छापखान्यातून लग्नपत्रिका आणतो आणि पाकिटावर फक्त नावं घालतो, तसं.

आता तुझ्या पट्टीत काय लिहिलं असेल ते न बघता सांगते: स्टेटस 'सोल्ड आउट' असेल तर लाल, नाहीतर हिरवी. बरोबर? पण साचा बनताना स्टेटसमध्ये 'सोल्ड आउट' नसतंच, खूण असते. तुलना कायम फसते, साचा कायम हिरवा. वस्तूचं नाव बरोबर येतं, कारण त्यावर कुठे 'जर-तर' नाही. ते नुसतं छापायचं असतं.

आणि पट्टी नंतर लाल का होते, तर ब्राउझरमध्ये रिअॅक्ट १५ स्वतः पान काढून बघतं आणि सर्व्हरच्या एचटीएमएलशी चेकसम (मजकुरावरून काढलेला पडताळणीचा आकडा) जुळवतं. जुळला नाही की सर्व्हरचं सगळं फेकून पुन्हा पहिल्यापासून काढतं. म्हणजे सर्व्हरवर केलेली मेहनत दर वेळी पाण्यात. डेव्हलपमेंट बिल्ड असता तर कन्सोलवर तशी वॉर्निंग आली असती. पण तिथे तुझं कॅशिंगच बंद.

उपाय: त्या कंपोनंटच्या कॉन्फिगमध्ये 'प्रिझर्व्ह कीज' म्हणून यादी देता येते. त्यात स्टेटस घाल, म्हणजे त्याची खूण होणार नाही. किंवा तो कंपोनंट यादीतून उडव. मी उडवला असता.

बे_एरियातला_बंड्या

काकूंना दंडवत. थोडी पार्श्वभूमी देतो, म्हणजे या चौदा कंपोनंटचा राग जरा निवेल.

वॉलमार्ट लॅब्जची सुरुवात २०११ ची. आनंद राजारामन आणि वेंकी हरिनारायण यांची कॉस्मिक्स वॉलमार्टने विकत घेतली, त्यातून ती उभी राहिली. नोडच्या दुनियेत हापी (सर्व्हर लिहायचं फ्रेमवर्क) ही त्यांचीच देणगी, एरान हॅमर यांच्या टीमची. २०१३ च्या ब्लॅक फ्रायडेला त्यांची मोबाइलची ट्रॅफिक नोडवरून गेली, तेव्हा इकडे त्याची केवढी चर्चा! मग सगळी वॉलमार्ट डॉट कॉम वर्षाच्या आत रिअॅक्ट आणि नोडवर आणली आणि त्यातून तयार झालेला प्लॅटफॉर्म अपाची लायसन्सखाली खुला केला. तो इलेक्ट्रोड. क्लाउडवरच्या अॅप्सची व्यवस्था बघणारं वनऑप्स २०१६ च्याच जानेवारीत खुलं केलं होतं.

तेव्हा त्यांनी सांगितलेले आकडे होते महिन्याला ८ कोटी भेटी आणि दीड कोटी वस्तू. एवढ्या पसाऱ्यात एका रेंडरचे काही मिलिसेकंद वाचले तरी सर्व्हरांची रांगच्या रांग कमी होते. टेम्प्लेट कॅशिंग त्या माणसांनी त्या दुखण्यावर काढलेलं औषध आहे. कंपोनंट शोधायला एक्स्प्लोरर काढला, कारण कुठल्या टीमने कुठलं बटण आधीच बनवलंय हेच एकमेकांना कळत नसे. कोडगेराव, तुमच्या १२०० वस्तूंना यातलं काय लागतं? तुमचा सगळा कॅटलॉग नोडच्या मेमरीत मावेल आणि वर जागा उरेल.

झटपट_नाना

म्हणजे मी म्हणत होतो तेच. नेक्स्ट.

सर्वरकाकू

नाना, त्याच्याकडे आज लाल शेरा आणि शिव्यांची मेल आहे. आधी ते.

नोड २० चं: जुनं वेबपॅक हॅशिंगसाठी एमडी४ वापरतं. नोड १७ पासून आत ओपनएसएसएल ३ (एन्क्रिप्शनची लायब्ररी) आलं आणि त्यात एमडी४ अडगळीत टाकलंय. 'ओपनएसएसएल लेगसी प्रोव्हायडर' हा फ्लॅग देऊन बिल्ड पुढे सरकेल. पण तो फक्त बिल्डच्या मशीनवर दे, साइट चालवणाऱ्या सर्व्हरवर नको. ती कुबडी आहे, वेबपॅक ५ वर गेलास की फेकून दे.

रिअॅक्ट मात्र लगेच वाढवू नकोस. हे कॅशिंग रिअॅक्ट १५ च्या पोटात हात घालून चालतं, आणि १६ मध्ये, सप्टेंबर २०१७ ला, ते पोटच नवीन बसवलं. म्हणून क्रम असा: आधी कॅशिंग पूर्ण काढ, दोन-तीन दिवस लोड बघ, मग रिअॅक्ट. हापी १६ असेल तर १७ ला जाताना प्रत्येक प्लगइनला हात लावावा लागेल. जुने कॉलबॅक गेले, सगळं असिंक-अवेट झालं. ते काम वेगळं धर, याच्यात मिसळू नकोस.

कोडगा_पुणेकर

अपडेट देतो.

काकू, पट्टीचा कोड तुम्ही न बघता सांगितलात तसाच निघाला, फक्त 'जर-तर'ऐवजी स्विच होता. शुक्रवारी रात्री (हो, माहीत आहे, शुक्रवारी डिप्लॉय करू नये) चौदाच्या चौदा कंपोनंट कॅशमधून काढले. व्ह्यू सोर्समध्ये तवा 'सोल्ड आउट'. सीपीयूचा आलेख जरा हलला, इतकंच. शनिवार-रविवारची गर्दीही निभावली. लेगसी फ्लॅग देऊन बिल्डही झाला. टेस्ट सर्व्हर नोड २० वर चालू केलाय, हापी १६ ने अजून तरी कुरकुर केलेली नाही.

गिटमध्ये ते कॉन्फिग आलं कुठून ते शोधलं. २०१७ चा एकच कमिट, मेसेज: 'सॅम्पलमधून कॉपी, नंतर बघू'.

आता शेवटचं. ग्राहकांचे रिव्ह्यू आणि 'हेही पाहा'ची रांग अबव्ह-द-फोल्डच्या वेष्टनात आहे. म्हणजे सर्व्हरवर नुसता रिकामा डिव्ह, खरा मजकूर ब्राउझरमध्ये आल्यावर. तेही काढू का?

सर्वरकाकू

'हेही पाहा' राहू दे, ते कुणी शोधत येत नाही. रिव्ह्यू मात्र बाहेर काढ, गूगलला पहिल्या एचटीएमएलमध्येच मिळालेले बरे. आणि पुढचा डिप्लॉय मंगळवारी.