राज्यमार्गाच्या भरावात मोरी बुजली, अंजिराच्या बागेत पाणी तुंबतंय. दाद कुठे मागावी?

नमस्कार मंडळी. मी नोकरीमुळे पुण्यात असतो. शेत पुरंदर तालुक्यात, सासवडच्या पुढे, चुलते बघतात. बांधाला लागून छोटासा राज्यमार्ग जातो, दोन्ही अंगांना अंजीर, सीताफळ, वाटाणा. यंदा त्याचं रुंदीकरण चालू आहे. रस्ता व्हायलाच हवा होता. गुलटेकडीला माल न्यायचा तर खड्ड्यांतच पाटीतलं अंजीर दबायचं.

अडचण वेगळी आहे. डोंगराकडचा ओघळ आमच्या रानाच्या कोपऱ्यातून नळमोरीने, म्हणजे रस्त्याखाली टाकलेल्या नळातून, पलीकडे जायचा. ठेकेदाराने मुरूम टाकून रस्ता कमरेइतका वर घेतला आणि मोरीचं तोंड त्यात गाडलं गेलं. बाजूने गटारही काढलं नाही. आता मोठी सर आली की पाणी बागेतच थांबतं, रानाला वाफसा (जास्तीचं पाणी निथळून माती मोकळी होणं) म्हणून येत नाही. खट्टा बहार (पावसाळ्यातला बहार) धरलाय, जूनमध्ये छाटणी झाली आणि रस्त्याकडच्या ओळींची पानं पिवळी पडून गळायला लागलीत. अंजिराची मुळं साचलेल्या पाण्यात टिकत नाहीत.

साइटवरचा सुपरवायझर म्हणतो, "इस्टिमेटमध्ये मोरी नाही." (होती ती मोरी बुजवायचं इस्टिमेटमध्ये होतं का, यावर गप्प.)

गावातल्या एकाने मामलेदार न्यायालय अधिनियम, 1906 चं कलम 5 सुचवलं. शेतातल्या पाण्याचा नैसर्गिक प्रवाह अडवला तर तहसीलदार अडथळा काढायला लावू शकतात, दावा मात्र सहा महिन्यांच्या आत करायचा. ओळखीचे वकील म्हणतात, सरकारी कामाविरुद्ध तो टिकणार नाही. बांधकाम खात्याच्या उपअभियंत्यांना लेखी अर्ज दे, प्रत तहसीलदारांना, पोच घे आणि माहितीच्या अधिकारात मंजूर नकाशा माग. पण त्या उत्तराला 30 दिवसांची मुदत, तोवर वर डांबर पडेल. चुलत्यांचं मत तिसरंच: रात्री जेसीबी लावून उकरायचं. त्यांना कसंबसं थोपवून धरलंय.

कलम 5 खाली फक्त ठेकेदाराविरुद्ध दावा कोणी केलाय का? झाडं पूर्ण वाळायची वाट न बघता तलाठी आणि कृषी सहायकांकडून पंचनामा करून घेता येतो का? आणि तिथे आधी मोरी होती याला कागद कुठला लावायचा? गावनकाशात ओघळ दिसतो, मोरी नाही. जुने फोटो आहेत, पण तेवढ्यावर भागेल असं वाटत नाही.

खडीचे डंपर यायला लागलेत, त्यामुळे जरा लवकर सांगा.