फोडलेला माल बेंचवर (खाणीच्या पायरीवर) किती दिवसांचा ठेवावा? (बॉक्साइट, राधानगरी भाग)

जांभा_पठार:
नमस्कार मंडळी. राधानगरीकडच्या एका बॉक्साइट खाणीत प्लॅनिंगला नुकताच लागलोय. रोजची उचल 1200 टन. रविवारी सुट्टी, आठवड्याला एक शॉट (सुरुंगाचा स्फोट), म्हणजे एका शॉटला सहा दिवसांचा माल. मॅनेजर साहेब म्हणतात मे अखेरीस वीस दिवसांचा फोडलेला माल हवाच. फोरमन काका पाचच्या वर जायला तयार नाहीत. हिशेब कसा धरायचा?

खाणकरी_निवृत्त:
आधी ब्लास्टिंगची वही काढा. ठरलेला शॉट जास्तीत जास्त किती दिवस लांबला ते बघा. स्फोटकांची व्हॅन आली नाही, ड्रिल बंद पडलं, वळवाचा गडगडाट झाला म्हणून होलात स्फोटकं भरणं थांबवलं, असली कारणं सापडतील. समजा चार दिवस. मग नवा शॉट घेताना बेंचवर 4800 टन शिल्लक पाहिजेत. त्यात 7200 पडले की 12000. तुमचा साठा या दोन आकड्यांत खालीवर होत राहणार. ड्रिलची देखभाल सुधारून चारचे दोन झाले तर 2400 टन आपोआप कमी लागतील, आणि ते ढीग वाढवण्यापेक्षा स्वस्त पडतं.

पण हे 4800 कुठल्या फेसवर (जिथून माल उचलतो त्या तोंडावर) आहेत तेही बघा. बॉक्साइटमध्ये सिलिका (नको असलेला घटक) जागोजागी बदलते आणि प्लांटला मिश्रण लागतं. एका फेसचा चांगला माल संपला की कागदावर साठा असतो आणि पोकलेन मात्र उभा.

क्रशरवाला_उचगाव:
आमचं खडीचं काम, काळा दगड. तरी सांगतो भावा, ढीग मोजताना फसू नकोस. दगड फुटला की फुगतो, एका घनमीटरचा सव्वा-दीड होतोय. ढिगाच्या मापाला अखंड दगडाचं वजन लावलंस तर साठा लई दिसणार. आन् ब्रेकर लावल्याशिवाय हलत न्हाईत ते धोंडे हिशेबात धरायचेच न्हाईत.

जांभा_पठार:
आभारी आहे दादा. पण पावसाचं काय? जून ते सप्टेंबर पिट जवळपास बंद असतो, साहेबांचे वीस दिवस त्यातूनच आलेत. नुसती होलं मारून ठेवली तर?

खाणकरी_निवृत्त:
अजिबात नको. होलात पाणी भरतं, तोंडं ढासळतात. अँफो (अमोनियम नायट्रेट आणि डिझेलचं स्फोटक) पाण्यात टिकत नाही, मग महागडी इमल्शन काडतुसं घ्यावी लागतात. फोडलेला माल बेंचवर भिजला तर त्यात लाल माती मुरते आणि बारीक माल बकेटला, टिप्परच्या हौद्याला चिकटून बसतो. रस्त्याचा चिखल झाल्यावर तो बाहेर तरी कसा काढणार?

पावसाळ्याचा साठा वेगळाच मांडा. प्लांटची चार महिन्यांची मागणी घ्या, तेवढा माल मे संपायच्या आत पक्क्या रस्त्यालगतच्या यार्डात न्या. ग्रेडप्रमाणे ढीग, वर ताडपत्री, भोवती चर. पाऊस लागताना बेंच रिकामा दिसला तर काम जमलं म्हणायचं.

पोकलेन_कागल:
वीस दिवसांचा ढीग घातल्यावर ड्रिल उभं कुठं करणार, ते साहेबांना विचारा की. मी ज्या खाणीवर होतो तिथं पुढची होलं मारायला जागाच उरली न्हवती. तोच माल दोनदा हलवला, डिझेल आमचं.

जांभा_पठार:
यार्डात नेला तरी दोनदा हाताळणी आलीच की. टनामागे काय धरता?

खाणकरी_निवृत्त:
दुसऱ्याचा दर उचलू नका. यार्डात पुन्हा भरायला लागणारे लोडरचे तास आणि डिझेल तेवढंच जादा धरा, वाहतूक तर तशीही होणारच होती.