प्रतिसाद: पात्राच्या जागी नट धरणं
मूळ पोस्टमध्ये म्हटलंय की कथा लिहिताना पात्रासाठी एखादा नट डोळ्यासमोर धरला की पात्र उसनं होतं, मला नाही पटत ते. मी बिनधास्त धरते, फक्त ठरलेल्या इमेजचा नाही घेत, कारण निळू फुले धरले की सरपंच आपोआप बेरकीच व्हायला लागतो आणि आपल्याला लिहायला काही उरतच नाही. कंडक्टरच्या कथेत मी नटाचे फक्त हात घेतले, सुट्टे मोजताना नाण्यांवरून सरकणारा अंगठा, बाकी माणूस माझाच.

आणि पहिला ड्राफ्ट झाला ना की नट बदलून वाचा! नटसम्राट नाटकातले आप्पा बेलवलकर 1970 ला डॉ. श्रीराम लागूंनी केले, नंतर दत्ता भटांनी, 2016 च्या सिनेमात नाना पाटेकरांनी, तरी आप्पा ते आप्पाच. दुसऱ्या नटाच्या तोंडी एखादा संवाद फिका पडला तर तो संवाद खुशाल कापा.