मदत हवी आहे: सलग पावसात २१ दिवसांची डोंगरचाल, स्लीपिंग बॅग आणि पाय कसे वाचवायचे?

नमस्कार. डोंगरातल्या २१ दिवसांच्या सलग चालीची तयारी सुरू आहे. रोज १४ ते १८ किलोमीटर चाल, उंची साधारण १२०० ते ३००० मीटर, पाऊस जवळजवळ रोज, रात्रीचं तापमान ५ ते १० अंश. सहाव्या आणि तेराव्या दिवशी पक्क्या छपराखाली मुक्काम आहे, बाकी सगळे मुक्काम तंबूत.

सामान: ६० लिटरची सॅक आणि तिचं रेनकव्हर, दोन पदरी नायलॉनचा तंबू (दोघांत एक), डाउनची (पिसांच्या भरावाची) स्लीपिंग बॅग, वाफ बाहेर सोडणारं वॉटरप्रूफ जॅकेट, वॉटरप्रूफ अस्तराचे घोट्यावरचे बूट, गॅसचा स्टोव्ह.

तीन रात्रींच्या सरावात या अडचणी आल्या:
१. कव्हर घालूनही सॅकच्या तळाशी पाणी साचलं.
२. तंबू कुठेही गळत नव्हता, तरी तिसऱ्या रात्री स्लीपिंग बॅगचा पायाकडचा भाग ओला होता आणि आतल्या पिसांचे गोळे झाले होते.
३. बूट एकदा भिजले ते वाळलेच नाहीत. तळपाय पांढरे पडून सुरकुतले.
४. जॅकेट आतून ओलं.

तीन रात्रींत ही गत, तर २१ दिवस कसे काढायचे? अनुभवी लोकांनी कृपया सविस्तर सांगावं.

प्रतिसाद १

सॅकपासून सुरुवात करतो, कारण बाकी सगळं तिच्यावर अवलंबून आहे. रेनकव्हर पाठीकडून उघडं असतं. पाऊस मानेवरून, खांद्याच्या पट्ट्यांवरून ओघळत पाठीच्या पॅडमध्ये मुरतो आणि तिथून आत जातो. शिवाय कव्हरच्या खोलगट तळात पाणी साचतं आणि सॅकचा तळ दिवसभर त्यात बुडून राहतो. कव्हरच्या तळाला निचऱ्याचं भोक नसेल तर आधी ते करा.

खरं संरक्षण आतून हवं. ६० लिटरच्या सॅकला ८० ते ९० लिटरची जाड प्लास्टिकची पिशवी लाइनर म्हणून घाला. कचऱ्याची पातळ पिशवी नको, ती स्टोव्हच्या कडेला अडकून दुसऱ्याच दिवशी फाटते. सामान भरलं की गुडघ्याने दाबून हवा काढा, तोंडाला घट्ट पीळ द्या, पीळ दुमडून रबराने बांधा. नुसती गाठ मारलीत तर ओल्या बोटांनी सुटत नाही आणि पिशवी फाडावी लागते.

लाइनरच्या आत फक्त स्लीपिंग बॅग, झोपायचे कपडे आणि उबदार जॅकेट. स्टोव्ह, पाणी, तंबू, दिवसाचं खाणं लाइनरच्या बाहेर. ओली वस्तू एकदाही आत गेली नाही पाहिजे, एक ओला मोजासुद्धा नाही. बंद पिशवीतली ओल कुठे जाणार? ती थेट पिसांत शिरते.

पिशवी फुगवून पाण्याखाली धरा, बुडबुडे आले तर तिथे छिद्र आहे. पूर्ण कोरडी करूनच टेप लावा. ओल्यावर टेप धरत नाही. एक जादा पिशवी घडी करून सोबत ठेवा, वजन नगण्य आहे.

प्रतिसाद २

स्लीपिंग बॅगबद्दल. तंबू गळत नव्हता हे बरोबरच आहे, ते पाणी तुमचंच आहे. झोपलेल्या माणसाच्या श्वासातून आणि त्वचेतून रात्रभरात साधारण पाव लिटर पाणी वाफ होऊन जातं. तंबूत दोघं म्हणजे अर्धा लिटर. ते थंड फ्लायवर (तंबूच्या बाहेरच्या पदरावर) थेंबांच्या रूपात जमतं. त्यात ओलं नायलॉन थोडं लांबतं, फ्लाय सैल पडून आतल्या कापडाला टेकतो आणि तिथूनच पायाकडचा भाग भिजतो.

हे करून बघा:
- तंबू उभारल्यावर अर्ध्या तासाने दोऱ्या पुन्हा ताणा, झोपण्यापूर्वी आणखी एकदा. पायाकडची मधली दोरी बहुतेक लोक बांधतच नाहीत. ती बांधा, तिनेच फ्लाय आतल्या कापडापासून दूर राहतो.
- वरच्या खिडक्या पावसातही उघड्या. थंडी वाजते म्हणून त्या बंद केल्या की सकाळी सगळं निथळत असतं.
- तोंड स्लीपिंग बॅगच्या आत घेऊन झोपू नका. नाक थंड पडत असेल तर टोपी ओढा.
- तंबूखालचा प्लास्टिकचा कागद फ्लायच्या कडेपेक्षा सगळीकडून चार बोटं आत असू द्या. बाहेर डोकावला तर फ्लायवरून ओघळलेलं पाणी तोच गोळा करून तुमच्या पाठीखाली आणतो.
- पायाकडे बॅगवर जॅकेट उलटं पसरा, पण ते बाहेरून कोरडं असेल तरच.

डाउन भिजलं की त्याचा फुगवटा जातो आणि फुगवट्याबरोबर ऊबही. ५ ते १० अंशांत सलग २१ दिवस असेल तर कृत्रिम तंतूंची बॅग घ्यावी असं माझं स्पष्ट मत आहे. वजन ४००-५०० ग्रॅम वाढेल, पण ओलसर झाली तरी ती बरीच ऊब धरते. डाउनच न्यायची असेल तर पाऊस दहा मिनिटं जरी थांबला आणि वारा असला तरी ती बाहेर काढून झटका. आणि छपराखालचे दोन मुक्काम तिच्यासाठीच राखून ठेवा: पोचल्या पोचल्या आतली बाजू बाहेर करून टांगा, दर तासाला गोळे बोटांनी सोडवा.

प्रतिसाद ३

पायांना कोरडं ठेवायचा प्रयत्नच सोडून द्या, हे ऐकायला विचित्र वाटेल. वॉटरप्रूफ बुटात पाणी वरून शिरतं: पँटवरून ओघळून, ओढा ओलांडताना, उंच गवतातून. एकदा शिरलं की तेच अस्तर ते आत कोंडून ठेवतं. त्यापेक्षा जाळीचे हलके बूट घ्या. भिजतील लगेच, पण शंभर पावलांत बरंचसं पाणी बाहेर पडेल. पाय दिवस सरता सरता सुजतात, म्हणून अर्धा नंबर मोठा घ्या.

दिवसभर पाय ओले चालतील, रात्री नाही. दिवसातले किमान आठ तास पाय पूर्ण कोरडे राहिलेच पाहिजेत. तंबू लागला की पहिलं काम बूट-मोजे काढणं, स्टोव्ह नंतर. बोटांच्या फटी पुसा, पाय अर्धा तास उघडे ठेवा, टॉर्च लावून तळवे बघा. झोपायचे लोकरी मोजे वेगळे, ते तंबूबाहेर जाणार नाहीत. रात्री बाहेर जावंच लागलं तर कोरड्या मोज्यांवर प्लास्टिकची पिशवी चढवून मग ओल्या बुटात पाय घाला. सकाळी निघण्यापूर्वी तळवे, टाचा आणि बोटांमध्ये पेट्रोलियम जेलीचा थर द्या, त्याने कातडी कमी फुगते. दुपारी थांबाल तेव्हा मोजे आणि बुटातली इनसोल दोन्ही पिळा.

पांढरे सुरकुतलेले पाय रात्रीतून पूर्ववत झाले तर काळजी नाही. सकाळीही बधिर असतील, मुंग्या येत असतील, डाग किंवा सूज दिसत असेल तर तो इमर्शन फूट (सतत ओलं राहून पायाला होणारी इजा) आहे. यासाठी बर्फाची थंडी लागत नाही, १५ अंशांतही होतो. चोळू नका, आगीजवळ धरू नका (बधिर पायाला भाजलेलं कळत नाही), कोरडे करून हळूहळू ऊब द्या, चाल थांबवा आणि डॉक्टरकडे पोचायची सोय बघा.

प्रतिसाद ४

वरच्या बहुतेक गोष्टींशी सहमत, जाळीच्या बुटांना मात्र एक अट. दिवसाही पारा ५ अंशांखाली जात असेल तर ओल्या जाळीत बोटं बधिर होतात. अशा दिवसांसाठी जाड लोकरी मोजे किंवा वॉटरप्रूफ मोज्यांची एक जोडी हवीच.

जॅकेटबद्दल: चढावर घाम इतका येतो की कुठलंही कापड तेवढी वाफ बाहेर टाकू शकत नाही. काखेतल्या चेन उघडा, आत एकच पातळ थर ठेवा, वेग कमी करा. सुती बनियन नको. जॅकेटवर पाण्याचे मोती न होता कापड गडद पडत असेल तर बाहेरचा पाणी झटकणारा लेप गेलेला आहे. लेबल वाचून धुवा, लेबल परवानगी देत असेल तर ड्रायरमध्ये मंद आचेवर फिरवा. तरीही मोती धरत नसतील तर नवा लेप फवारा.

धागाकर्ता

मनापासून धन्यवाद, स्लीपिंग बॅग बदलतोय. आणखी दोन शंका. पाऊस पडत असतानाच तंबू आवरायचा तर क्रम काय? आणि ओले कपडे रात्री बॅगेत घेऊन अंगाच्या उबेने वाळवावेत का?

प्रतिसाद २

क्रम असा: आतमध्ये बसूनच स्लीपिंग बॅग लाइनरमध्ये भरा. मग झोपायचे कोरडे कपडे काढून तेही आत टाका आणि कालचे ओले कपडे अंगावर चढवा. हाच क्षण सगळ्यात जड जातो, आणि इथेच लोक "आजच्या दिवस" म्हणून कोरडे कपडे घालून निघतात. तासाभरात ते भिजतात आणि रात्रीसाठी काहीच उरत नाही. लाइनर बांधा, जॅकेट चढवा, सॅक भरून फ्लायच्या पडवीत ठेवा. आतला तंबू फ्लायखालूनच सोडवून त्याच्या पिशवीत घाला. फ्लाय सर्वात शेवटी: जोरात झटका आणि सॅकच्या बाहेरच्या जाळीच्या खिशात कोंबा. आतला तंबू आणि फ्लाय एकत्र कधीच गुंडाळू नका.

या क्रमाला सुरुवातीला चाळीस मिनिटं लागतात. घरी नळाखाली दोनदा सराव केलात तर वीसात होईल.

प्रतिसाद ४

कपड्यांच्या शंकेचं उत्तर: नाही, वाळवू नका. ते पाणी नाहीसं होत नाही, बॅगच्या भरावात जातं. अपवाद फक्त घट्ट पिळलेल्या पातळ मोज्यांचा. गरम पाण्याच्या बाटलीला ते गुंडाळून झोपण्यापूर्वी तासभर बॅगेबाहेर ठेवा, बरीच वाफ तिथेच निघून जाते. बाटली बॅगेत घ्यायची तर झाकण उलटं धरून तपासा.

लगे हात दोन गोष्टी. पाऊस कितीही असला तरी बंद तंबूत स्टोव्ह पेटवू नका, कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. आणि स्टोव्ह पेटवायच्या खटक्यावर विसंबू नका, दमट हवेत तो दगा देतो. दोन लायटर दोन वेगळ्या पिशव्यांत ठेवा.

प्रतिसाद १

एक राहिलं. सोबत्याचं बोलणं जडावलं, चेन लावता येईना, पाय अडखळू लागले तर "थकलाय" म्हणून पुढे रेटू नका, तो हायपोथर्मिया (शरीराचं तापमान धोकादायक घसरणं) आहे. थरथर चालू असेल तोवर तिथेच तंबू लावा, ओले कपडे काढा, कोरडे घालून बॅगेत बसवा, शुद्ध नीट असेल आणि गिळता येत असेल तर गरम, गोड प्यायला द्या. ऊब न येताच थरथर थांबली तर ती सुधारणा समजू नका, प्रकृती बिघडतेय. मग त्याला चालवू नका, आडवं ठेवा आणि लगेच मदत मागवा.

ओढा फुगलेला असेल तर पाऊस थांबल्यावर काही तास वाट बघा, छोट्या ओढ्यांचं पाणी लवकर चढतं तसं बरंचसं लवकर उतरतंही. गुडघ्याच्या वर वेगाचं पाणी असेल तर उतरू नका. उतरलात तर सॅकचे कमरेचे आणि छातीचे बक्कल आधी सोडा.