मदत हवी आहे: एकच तक्ता, दोन सॉफ्टवेअर, दोन वेगळ्या पी व्हॅल्यू

नमस्कार मंडळी,

निपाणी भागातल्या विडी कामगार बायकांच्या तब्येतीवर माझं पीएच.डी.चं काम चालू आहे. प्रश्नावली मराठी आणि कन्नड, दोन्ही भाषांत भरून घेतली. मांडीवर सूप घेऊन विड्या वळता वळता बायकांनी उत्तरं दिली आहेत. हात थांबला की मजुरी बुडते, तरी त्या बोलल्या. म्हणून त्यांच्या उत्तरांचा हिशेब मला चोख हवा आहे.

अडचण अशी आहे. खरे आकडे इथे देत नाही, समजण्यापुरते गोल आकडे देते. १५ वर्षांहून जास्त काम केलेल्या १०० जणींपैकी ५८ जणींना सतत खोकला. त्याहून कमी वर्षं काम केलेल्या १०० जणींपैकी ४४ जणींना. लिबरऑफिस कॅल्क या स्प्रेडशीटमध्ये डेटा मेनूतल्या स्टॅटिस्टिक्समधून काय-स्क्वेअर चाचणी (दोन गटांतल्या प्रमाणांची तुलना करणारी) लावली तर पी व्हॅल्यू, म्हणजे खरा फरक नसताना निव्वळ योगायोगानं एवढा किंवा याहून मोठा फरक दिसण्याची शक्यता, ०.०४८ येते. तोच तक्ता आर या संख्याशास्त्राच्या सॉफ्टवेअरमध्ये घातला तर ०.०६६. एका ठिकाणी फरक सिग्निफिकंट (पी ०.०५ च्या आत), दुसऱ्या ठिकाणी नाही. गाईडसमोर कुठला आकडा ठेवू?

एसपीएसएस या विकतच्या संख्याशास्त्राच्या सॉफ्टवेअरचं लायसन परवडत नाही. पैसे घेऊन आउटपुट काढून देणारे बेळगावात आहेत, पण व्हायव्हाला उत्तरं मलाच द्यायची आहेत. लॅपटॉप जुना आहे आणि पावसाळ्यात आमच्या खानापूरकडे लाइट आणि नेट दोन्हींचा भरवसा नसतो. नेटशिवाय चालणारं, फुकट आणि मला स्वतःला समजेल असं काही सुचवा.

प्रतिसाद १

ताई, दोन्ही सॉफ्टवेअर बरोबर आहेत. दोन बाय दोनचा तक्ता दिला की आर आपणहून येट्सची दुरुस्ती लावतं. फ्रँक येट्स यांनी ती १९३४ साली सुचवली. निरीक्षित आणि अपेक्षित (दोन गटांत फरकच नसता तर आले असते ते) आकड्यांतल्या प्रत्येक फरकातून अर्धा वजा करायचा आणि मग वर्ग करायचा, एवढंच तिचं काम. कॅल्क ती लावत नाही. तुमच्या तक्त्यात दुरुस्तीशिवाय काय-स्क्वेअर ३.९२ येतो, दुरुस्तीसह ३.३८. कागदावर करून बघा, दहा मिनिटांचं काम आहे. आरमध्ये ‘करेक्ट’ हा पर्याय ‘फॉल्स’ केलात की तिथेही ०.०४८ येईल.

येट्सची दुरुस्ती जरा जास्तच सावध आहे, त्यामुळे एवढ्या मोठ्या नमुन्याला बरेच जण ती लावत नाहीत. अपेक्षित आकडा ५ च्या खाली गेला तर मात्र सरळ फिशरची चाचणी (लहान आकड्यांसाठीची) घ्या. कुठली पद्धत वापरणार ते आकडे बघण्याआधी ठरवा आणि प्रबंधात तसं लिहा. दोन्ही करून बघून सोयीची उचलणं योग्य नाही.

माझ्या मते पी व्हॅल्यूपेक्षा फरक किती आहे ते आधी लिहा. इथे तो १४ टक्क्यांचा आहे आणि त्याचा ९५ टक्के कॉन्फिडन्स इंटरव्हल (खरा फरक बहुधा ज्या पट्ट्यात असेल तो) साधारण ०.३ ते २७.७. म्हणजे खरा फरक जेमतेम असेल किंवा बराच मोठा असेल. वाचणाऱ्याला हे कळलं की ०.०४८ आणि ०.०६६ हा वाद मागे पडतो.

सॉफ्टवेअर म्हणाल तर जमोवी घ्या. फुकट आहे, एकदा उतरवून घेतलं की नेट लागत नाही, आतलं गणित आरचंच आहे पण सगळं माउसवर चालतं. येट्स आणि फिशर दोन्हींसाठी वेगळी खूण करायची सोय आहे, त्यामुळे आपण काय लावलं ते डोळ्यांसमोर राहतं. एसपीएसएससारखाच चेहरा हवा असेल तर पीएसपीपी हे फुकट सॉफ्टवेअर आहे.

एक विचारतो. बायका कशा निवडल्या? वस्तीवार?

प्रतिसाद २

चाचणीच्या आधी शीट साफ करा की ओ. सीमाभागातल्या सर्व्हेत हे हमखास होतं: एकानं निपाणी लिहिलं, दुसऱ्यानं निप्पाणी, पिव्होट टेबलमध्ये (शीटवरून आपोआप होणाऱ्या गोषवाऱ्यात) गावं दोन झाली. गावांना कोड द्या. वय आणि मजुरी मराठी अंकांत भरली असेल तर ते खाने मजकूर धरले जाऊ शकतात आणि सरासरी काढताना गुपचूप वगळले जातात. काउंट (फक्त आकड्यांचे खाने मोजणारं सूत्र) लावून बघा, भरलेल्या खान्यांइतकं उत्तर यायला पाहिजे. सीएसव्ही (साध्या मजकुरातली डेटा फाइल) उघडताना अक्षरांसाठी यूटीएफ-८ ही सांकेतिक पद्धत निवडा, नाहीतर मराठी आणि कन्नड दोन्हींची अक्षरं फुटतात.

धागाकर्ती

दोघांचेही मनापासून आभार. काय-स्क्वेअर हातानं काढला, ३.९२ आला. वयाच्या कॉलममध्ये मराठी अंक सापडले, ते बदलते आहे.

सर, निवड वस्तीवारच आहे. वस्ती ठरवली आणि तिथल्या साधारण २० जणी घेतल्या.

प्रतिसाद १

मग हे येट्सपेक्षा मोठं प्रकरण आहे. एका वस्तीतल्या बायकांची घरं, धूर, तंबाखूचा माल सारखाच असतो, त्यामुळे २०० उत्तरं म्हणजे २०० सुटी उत्तरं नव्हेत. वस्तीतलं साम्य समजा ०.०५ धरलं, तर डिझाइन इफेक्ट (अशा निवडीमुळे नमुना किती पट कमजोर होतो ते) १ + १९ × ०.०५, म्हणजे १.९५. तुमचा २०० चा नमुना जेमतेम १०३ इतक्या ताकदीचा उरतो. साध्या काय-स्क्वेअरला हे कळत नाही. आरमधलं ‘सर्व्हे’ हे पॅकेज वस्तीचा कॉलम धरून हिशेब करतं. थोडं टाइप करावं लागेल, पण तुमच्या कामाला तेच लागणार.

आणि जास्त वर्षं काम केलेल्या बायका वयानंही मोठ्या असणार. खोकला कामामुळे की वयामुळे हे दोन बाय दोनच्या तक्त्यातून कळणार नाही. वय आणि घरातली चूल दोन्ही घेऊन लॉजिस्टिक रिग्रेशन (अनेक कारणांचा परिणाम एकाच वेळी वेगवेगळा मोजणारी पद्धत) करा, तेही सर्व्हे पॅकेजमध्ये होतं.

धागाकर्ती

वस्तीचा कॉलम आहे. चुलीचा प्रश्न प्रश्नावलीत होता, काही अर्जांत तो रिकामा आहे. रिकाम्या जागांचं काय करायचं? त्या बायकांना पूर्ण गाळायचं माझ्या मनात नाही. सर्व्हे पॅकेजवर आज रात्री बसते, अडलं तर कोड इथेच चिकटवते.