ग्राफमधला लेजंडचा (कुठली रेषा कशाची ते सांगणारा) चौकोन हाकला, नाव रेषेच्या टोकालाच लिहा. पटतंय का?

रेघोट्या:
काल एकाच्या थीसिसचा चॅप्टर वाचत होतो, एका ग्राफमध्ये सात रेषा आणि लेजंडचा डबा वरती उजव्या कोपऱ्यात नेमका तीन वक्रांच्या उरावर बसलेला. पीजीएफप्लॉट्सला (लेटेक या टाइपसेटिंगच्या सॉफ्टवेअरमधलं ग्राफ काढायचं पॅकेज) काही सांगितलं नाही तर ते लेजंड तिथेच टाकतं आणि लोक ते तसंच ठेवतात! वाचणाऱ्याने रेषा बघायची, मग डब्यात जायचं, रंग जुळवायचा, परत यायचं, तोवर पहिली रेषा कुठली होती तेच विसरायचं. ॲडप्लॉट (रेषा काढायची आज्ञा) संपताना सेमीकोलनच्या आधी एक नोड, म्हणजे नावाचा मजकूर, टाका, पॉस एक (रेषेचं टोक), राइट (उजवीकडे), झालं काम. फक्त ॲक्सिसला क्लिप फॉल्स द्या, नाहीतर नाव चौकटीवर कापलं जातं. माझं मत, लेजंड हा निव्वळ आळस आहे.

अर्धविराम:
आळस कसला राव, उलट तुमच्याच पद्धतीत हमाली आहे. माझे ग्राफ एररचे, म्हणजे मेथडचं उत्तर किती चुकतं त्याचे, दोन्ही अक्ष लॉग स्केलवर, चार मेथडच्या रेषा शेवटी एकाच ठिकाणी येऊन टेकतात, तिथे चार नावं लिहिली की नुसता गुंता. मग प्रत्येकाला हाताने वायशिफ्ट देऊन वर-खाली सरकवा, आणि उद्या गाइडने नवा डेटा दिला की सगळं पहिल्यापासून. लेजंड नॉर्थ वेस्टला हलवा, नाहीतर आउटर नॉर्थ ईस्ट करून चौकटीबाहेरच काढा, बॉर्डर नको तर ड्रॉ नन. दोन ओळींचं काम. आणि क्लिप फॉल्स केल्यावर वायमॅक्सच्या (उभ्या अक्षाच्या वरच्या मर्यादेच्या) वर गेलेली रेषा पार मजकुरात घुसते ते सांगितलंच नाही तुम्ही.

रेघोट्या:
घुसते, मान्य, डोमेन (रेषा कुठून कुठवर काढायची ते) आवरा मग. पण लेजंड चक्क खोटं बोलतो त्याचं काय? नावं तो क्रमाने वाटतो. मध्येच एक संदर्भरेषा काढली, तिला नाव दिलं नाही आणि फर्गेट प्लॉट (म्हणजे ही रेषा लेजंडमध्ये मोजू नको) लिहायला विसरलात (नावातच विसर आहे त्याला कोण काय करणार) की पुढची सगळी नावं एकेक घर सरकतात. एरर नाही, वॉर्निंग नाही. मी स्वतः असा ग्राफ सेमिनारमध्ये दाखवलाय, आमची मेथड सगळ्यात वाईट दिसत होती आणि अर्धा तास मी तिची बाजू मांडत होतो 😅

काळीपांढरी:
तुमचं भांडण चालू द्या, मला वेगळंच खुपतंय. लोक आधी रंग ठरवतात. डिफॉल्टमध्ये निळा, लाल, तपकिरी असतात, पण सोबत गोल, चौकोन असे मार्कही येतात, म्हणून काळ्यापांढऱ्या प्रिंटमध्येही कसंबसं निभतं. तुम्ही ॲडप्लॉटला कंसात नुसतं रेड दिलंत की ती सगळी स्टाइल जाते, मार्कसकट! ॲडप्लॉट प्लस लिहा, मग आधीचं राहतं आणि वर तुमचं चढतं. एका अधिक चिन्हासाठी मी दोन दिवस घालवलेत. आणि लाल-हिरवी जोडी टाळा, कित्येकांना ती वेगळी दिसतच नाही. डॅश्ड, डॉटेड (तुटक, ठिपक्यांच्या रेषा) वापरा की, फुकट आहेत. जाडी थिक करा, म्हणजे ०.८ पॉइंट, डिफॉल्टचा ०.४ प्रोजेक्टरवर केसासारखा दिसतो.

अर्धविराम:
डॅश्डला पण मर्यादा आहे बरं का, रेषा खडबडीत असेल तर डॅश्ड आणि डेन्सली डॅश्ड सारखेच दिसतात. लगेच स्मूद (बिंदू गुळगुळीत वक्राने जोडणं) लावू नका कुणी, जिथे डेटा नाही तिथे फुगवटे येतात.

तळटीप:
मी लेजंडही ठेवत नाही आणि टोकाला नावंही लिहीत नाही. ॲडप्लॉटनंतर लेबल द्यायचं आणि ग्राफखालच्या कॅप्शनमध्ये रेफने त्याचा उल्लेख करायचा, रेषेचा छोटा नमुना तिथेच उमटतो.

रेघोट्या:
म्हणजे डोळ्यांनी आता कॅप्शनपर्यंत पायपीट करायची! यापेक्षा डबा बरा.

अर्धविराम:
लिहून ठेवा रे कुणीतरी, डबा बरा म्हणाले 😄 चार ग्राफ शेजारी असतील तर लेजंड टू नेमने एकच डबा सगळ्यांखाली आडवा टाका, तिथे तरी प्रत्येक रेषेवर नाव लिहिणार नाही ना?

रेघोट्या:
तिथे नाही. पण दोन-तीन रेषा आणि टोकं सुटी असतील तर डबा दिसता कामा नये. त्या सात रेषांचे मी दोन ग्राफ करायला सांगितलेत, तर तो थीसिसवाला म्हणतो पानं वाढतात.