नैसर्गिक पॉलिमरच्या फिल्मनी प्लास्टिकची बरोबरी करायलाच हवी का?

निशिगंध: स्टार्च, कायटोसॅन (कोळंबी-खेकड्यांच्या कवचापासूनचं), अल्जिनेट (समुद्री शेवाळातलं) अशा नैसर्गिक पॉलिमरपासून, म्हणजे लांब साखळ्यांच्या रेणूंपासून, विघटनशील वेष्टनं बनवण्याचं संशोधन जोरात आहे. पण त्यांनी सगळ्या बाबतींत पॉलिथिलीनची, म्हणजे नेहमीच्या पिशव्यांच्या प्लास्टिकची, जागा घ्यावी, हा हट्ट सोडावा असं माझं मत आहे. या रेणूंवर पाण्याला धरून ठेवणारे हायड्रॉक्सिल (OH) गट भरपूर, त्यामुळे पाण्याची ओढ जबरदस्त. दमट हवेत स्टार्चची फिल्म मऊ पडते. ठिसूळपणा घालवायला ग्लिसरॉल मिसळलं, की वाफ आणखी सहज आरपार जाते. मग क्रॉसलिंकिंग करा, म्हणजे रेणूंच्या साखळ्या एकमेकींना बांधा, वर लेप चढवा, आणि शेवटी हाती येतं ते सूक्ष्मजीवांना पचायलाच जड! कोरडा माल, थोड्या दिवसांची साठवण, एवढ्यासाठीच वापरा ना.

वाटसरू: साफ असहमत. सेलोफेन ही पारदर्शक फिल्म म्हणजे वनस्पतींतलं सेल्युलोजच. १९२७ मध्ये त्यावर नायट्रोसेल्युलोज आणि मेणाचा पातळ लेप देऊन ते ओलावारोधक केलं गेलं, आणि तेव्हाच खाद्यपदार्थांच्या वेष्टनात त्याचा खरा जम बसला. आतला माल नासला, तर तो पिकवायला लागलेलं पाणी, खत, इंधन सगळं वाया. त्यापुढे वेष्टन कुजतं याचं कौतुक किती करायचं?

निशिगंध: सेल्युलोज विरघळवून सेलोफेन बनवण्याच्या व्हिस्कोस प्रक्रियेला कार्बन डायसल्फाइड लागतो. तो कामगारांच्या मज्जासंस्थेला घातक आहे. कच्चा माल नैसर्गिक असला म्हणून प्रक्रिया आपोआप निर्धोक होत नाही.

मृद्गंध: दोघंही कुजण्याच्या जागेबद्दल बोलत नाही आहात. कंपोस्ट होणाऱ्या वेष्टनांसाठीच्या युरोपच्या ईएन १३४३२ मानकात सहा महिन्यांत ९० टक्के जैवविघटन अपेक्षित आहे, पण ते औद्योगिक कंपोस्टिंगमध्ये, साधारण ५८ अंशांच्या उष्णतेत. कचऱ्याच्या ढिगाखाली ऑक्सिजन नसतो. तिथे हीच फिल्म कुजली तर मिथेन सुटतो. वेगळं संकलन नसेल तर हा सगळा खटाटोप कुणासाठी?

वाटसरू: संकलन हवंच, पण म्हणून प्रयोगशाळा थांबवायच्या नाहीत. कोरड्या असताना याच फिल्म ऑक्सिजन पॉलिथिलीनपेक्षा कितीतरी चांगला अडवतात. तेलकट पदार्थ खवट होऊ नयेत म्हणून नेमकं तेच लागतं. ओलाव्यापुरता बाहेरून मेणाचा किंवा पीएचएचा (जीवाणूंनी बनवलेल्या प्लास्टिकचा) थर द्या. दोन्ही सूक्ष्मजीव खातात.

निशिगंध: हे पटण्याजोगं आहे. फक्त चाचणी शाई, गोंद, लेप यांसकट तयार पाकिटाची करा. नुसत्या स्टार्चचा अहवाल दाखवून पूर्ण पाकिटावर ‘विघटनशील’ छापायला माझा विरोध कायम आहे.